फोर बाय फाइव्ह शीट्स घरी धुताना: ट्रे, सांगाडा की टॅको? आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात फोर बाय फाइव्ह कॅमेरा घेतला, म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्म-शीट्सवर फोटो काढणारा. ३५ मिमीचे रोल मी बरीच वर्षं घरी धुतेय (म्हणजे डेव्हलप करतेय), तेव्हा शीट म्हणजे तेच, फक्त मोठं, असं वाटलं होतं. ठाण्यात घोडबंदर रोडवर वन बीएचके, माणसं तीन, बाथरूम एक. आजवर सत्तरेक शीट्स धुऊन झाल्या, त्यातल्या डझनभर वाया.

सुरुवात ट्रेने केली, कारण खर्च शून्य. फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणारी, त्यामुळे लाल दिवाही चालत नाही. शीट्स आधी एकेक करून साध्या पाण्यात भिजवायच्या, नाहीतर डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) एकमेकींना घट्ट चिकटतात. मग तळातली काढून वर, पुन्हा तळातली काढून वर. माझी फिल्म इलफर्डची ब्लॅक-अँड-व्हाइट एचपी५ प्लस; तिला डी-७६ डेव्हलपरमध्ये, तेवढंच पाणी मिसळून (१+१), २० अंशांवर ११ मिनिटं. भिजवणं, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) धरून वीसेक मिनिटं मिट्ट काळोख. आणि दाराबाहेर सासूबाई: "अगं, आज निघणार आहेस की नाही?"

पण डिसेंबरात तलावपाळीवर, तळ्याकाठी काढलेल्या चार निगेटिव्ह बघितल्या आणि सगळं विसरले. आभाळ इतकं एकसारखं मला नंतर कशातही मिळालं नाही. मार्च उजाडला आणि गणित फिसकटलं. पाणी गरम झालं की इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, फुगतं, मऊ पडतं. मग वरच्या शीटचा कोपरा खालचीवर नांगर फिरवतो. येऊरच्या डोंगरात काढलेल्या सहा शीट्सपैकी चारांवर ओरखडे. एक्स-रे फिल्म स्वस्त म्हणून वापरणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच, तिला बहुधा दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं.

मग तीन रिळांची, उजेड न शिरणारी पॅटरसन टाकी आणि तिच्यात बसणारा, सहा शीट्स धरणारा प्लास्टिकचा सांगाडा घेतला. एक लिटर रसायनात सहा शीट्स, कागदावर झकास. माझ्या हातून मात्र टाकी उलटीसुलटी करताना शीट खाचेतून निसटायची आणि शेजारणीला चिकटायची. तिथे अर्धचंद्राचा डाग. हलक्या हाताने केल्यावर प्रकार कमी झाला, बंद नाही झाला. सांगाडा सध्या माळ्यावर आहे.

शेवटी टॅको. त्या मेक्सिकन पोळीसारखी शीट इमल्शन आत ठेवून गुंडाळायची, वर केसांचं रबर, आणि अशा चार सुरळ्या त्याच टाकीत उभ्या. दहा रुपयांची रबरं! मधली नळी मात्र काढू नका. ती नसेल तर झाकणातून उजेड आत जातो. इमल्शनची बाजू कुठली हे अंधारात शीटच्या कडेला कापलेल्या खाचेवरून कळतं: शीट उभी धरून खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन तुमच्याकडे. काळोखात फक्त भरण्यापुरतं बसायचं, सात-आठ मिनिटं. मी चेंजिंग बॅगेत (हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत) करून पाहिलं, पण मे महिन्यात आत हातांना असा घाम सुटतो की शीट बोटांना चिकटते. त्यापेक्षा रात्री बाथरूम, दाराच्या फटीला टॉवेल.

टॅकोची एक खोड आहे. पाठ जिथे टाकीला किंवा शेजारच्या सुरळीला टेकते तिथला फिल्मच्या पाठीवरचा रंगीत थर पूर्ण निघत नाही, जांभळट पट्टे राहतात. पहिल्यांदा पाहून पोटात गोळा आला होता. फिक्सरनंतर शीट मोकळी करून उजेडातच ट्रेमध्ये आणखी फिक्सर, मग पाणी, की पट्टे जातात.

तापमानाशी भांडणं मी सोडून दिलं. बादलीत बर्फाची पिशवी टाकून २४ अंशांवर आणते आणि ११ मिनिटांची साधारण ८ करते. एचसी-११० या दुसऱ्या डेव्हलपरच्या डायल्यूशन बी या मिश्रणात एचपी५ ची वेळ २० अंशांवरच ५ मिनिटं, इथे ती अजून आखडते आणि आभाळात ढगळ चट्टे येतात. म्हणून ते बंद.

शेवटी फिक्सर धुऊन काढायला नळ सोडून ठेवणं आमच्या टँकरवाल्या सोसायटीत शक्यच नाही. इलफर्डची रीत बरी: टाकी भरून ५ वेळा उलटी, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. शेवटचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, नाहीतर वाळल्यावर ठिपके.

वाळवणं बाल्कनीत अजिबात नाही, मेट्रोच्या कामाची धूळ थेट ओल्या इमल्शनवर बसते. बाथरूममध्येच दोरी, एका कोपऱ्याला चिमटा. जूनपासून दमटपणामुळे रात्रभर लागते, म्हणून सकाळी आंघोळीला जाणाऱ्या पहिल्या माणसाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागतं. एकदा नाही सांगितलं. त्या दोन शीट्स वरच्या डझनात मोजल्या आहेत.