एक्सप्लॉइट डेटाबेस: कारखान्यांच्या कामात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींमधल्या काही छोट्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या संगणकांची व नेटवर्कची देखभाल मी करतो. या कामासाठी गेले काही महिने मी एक्सप्लॉइट डेटाबेस हा सुरक्षा त्रुटींचा आणि त्या सिद्ध करणाऱ्या कोडचा (म्हणजे एक्सप्लॉइटचा) संग्रह नियमितपणे वापरत आहे. माझे मत आधीच सांगतो: ज्यांच्याकडे जुने संगणक अजूनही उत्पादनाच्या कामात आहेत, त्यांच्यासाठी याच्या तोडीचे विनामूल्य साधन माझ्या पाहण्यात नाही.

या संग्रहाचा पूर्वज एकदा बंद पडला होता, हे नव्या वापरकर्त्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. मिल्वर्म नावाच्या संकेतस्थळावर जगभरातील संशोधक त्रुटी सिद्ध करणारे कोड पाठवत आणि ‘स्ट्रोक’ या टोपणनावाने वावरणारी एक व्यक्ती ते तपासून प्रसिद्ध करत असे. २००९ मध्ये या व्यक्तीने, पूर्वीसारखा वेळ देता येत नाही म्हणून काम थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी या संस्थेने (सुरक्षा चाचणीसाठी वापरली जाणारी काली लिनक्स ही प्रणाली हीच संस्था तयार करते) तो वारसा हाती घेऊन संग्रह नव्या नावाने पुन्हा सुरू केला. त्याआधी १९९९ मध्ये पॅकेट स्टॉर्म या संग्रहावरही अशीच वेळ आली होती; एका तक्रारीनंतर हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या सर्व्हरवरून तो काढून टाकला आणि नंतर दुसऱ्या कंपनीच्या आश्रयाने तो परतला. वर्षानुवर्षांचे काम एका माणसाच्या सवडीवर किंवा एका सर्व्हरच्या मालकावर अवलंबून असणे किती धोक्याचे आहे, हे या दोन घटनांवरून पुरेसे स्पष्ट होते.

जुन्या नोंदी टिकल्या याचे मला इतके महत्त्व का वाटते, हे आमच्या भागातील परिस्थिती पाहिल्याशिवाय कळणार नाही. मशीन शॉपमधील अनेक यंत्रांसोबत आलेले सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही, आणि विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. यंत्र बदलायचे तर खर्च लाखांत जातो, त्यामुळे ‘चालतंय की, कशाला हात लावायचा?’ हा मालकांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. त्याला उत्तर देताना मी संग्रहातील ४२०३१ क्रमांकाची नोंद दाखवतो. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधील ज्या त्रुटीचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिला आणि जिचा वापर करून त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, त्या त्रुटीचा हा चालता कोड आहे. माझ्या लॅपटॉपवर, बाहेरच्या नेटवर्कशी संबंध नसलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात), पॅच नसलेल्या विंडोजचा ताबा पासवर्डशिवाय जाताना मालकांनी एकदा पाहिला की तो संगणक वेगळ्या नेटवर्कमध्ये हलवण्याची आणि फाइल शेअरिंगसाठीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट बंद करण्याची परवानगी लगेच मिळते. केवळ सीव्हीई क्रमांक (प्रत्येक त्रुटीला मिळणारा जागतिक ओळख क्रमांक) आणि तीव्रतेचा आकडा लिहिलेल्या अहवालाने हे साधत नाही.

दैनंदिन कामात मी संकेतस्थळापेक्षा सर्चस्प्लॉइट हे कमांड लाइनवरचे साधन जास्त वापरतो. संपूर्ण संग्रह गिट या कोड साठवण्याच्या व्यवस्थेतून संगणकावर उतरवता येतो आणि नंतर शोध घेण्यासाठी इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात ज्या शेडमध्ये जोडणी तासन्‌तास नसते तिथे याचे मोल कळते. एनमॅप या स्कॅनरने नेटवर्क तपासून तयार केलेली एक्सएमएल फाइल थेट सर्चस्प्लॉइटला देता येते आणि सापडलेल्या प्रत्येक सेवेच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या नोंदी समोर येतात. त्याहूनही उपयोगी आहे ती संग्रहासोबत येणारी सीएसव्ही सूची. तिच्यात शीर्षक, तारीख, प्लॅटफॉर्म, पोर्ट, सीव्हीई क्रमांक आणि नोंद पडताळलेली आहे की नाही, हे सारे वेगवेगळ्या रकान्यांत असल्यामुळे प्रत्येक कारखान्याच्या सॉफ्टवेअर यादीशी ती स्प्रेडशीटमध्ये ताडून पाहता येते. काही नोंदींबरोबर त्रुटी असलेल्या मूळ सॉफ्टवेअरची प्रतही मिळते, आणि शिकाऊ मुलांना प्रत्यक्ष सराव देण्यासाठी ती सोय फारच मोलाची आहे.

मर्यादाही नीट समजून घ्याव्या लागतात. शोध मुख्यतः शीर्षकावर चालतो, त्यामुळे उत्पादनाचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असेल तर नोंद निसटते. मी नेहमी कंपनीचे नाव, उत्पादनाचे नाव आणि सीव्हीई क्रमांक असे तीन वेगवेगळे शोध घेतो. आवृत्ती जुळली म्हणजे त्रुटी आहेच, असेही समजू नये. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली आवृत्तीचा मूळ क्रमांक कायम ठेवून नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बसवतात, म्हणून जुळलेली प्रत्येक नोंद हा फक्त संशय असतो आणि पॅकेजच्या बदलांची नोंद वाचूनच निर्णय करावा लागतो. बरेच जुने कोड पायथन या भाषेच्या जुन्या आवृत्तीत (पायथन २) लिहिलेले आहेत आणि ते आज तसेच चालत नाहीत. गुणवत्ताही एकसारखी नाही: काही नोंदी अभ्यासपूर्ण टिपांसह येतात, तर काहींमध्ये एक ओळ आणि एक वेबपत्ता एवढेच असते. शिवाय ४५,००० हून अधिक नोंदींपैकी नेमक्या कोणत्या त्रुटींचा आज प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होतो आहे, हे संग्रह सांगत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२१ पासून चालवलेली ‘ज्ञात वापरातील त्रुटीं’ची यादी मी सोबत पाहतो.

एक आग्रह मात्र मी प्रत्येक नव्या वापरकर्त्याकडे धरतो: कोड वाचल्याशिवाय चालवू नये. शेलकोड, म्हणजे ताबा मिळाल्यावर चालणारा कोडचा भाग, हा बाइटच्या आकड्यांच्या रांगेत दडलेला असतो आणि तो नेमके काय करतो हे वरवर पाहून कळत नाही. एक्सप्लॉइट म्हणून फिरवलेल्या काही कोडने चालवणाऱ्याच्याच फाइली पुसल्याची उदाहरणे या क्षेत्रात आहेत. म्हणूनच पडताळलेल्या नोंदींना प्राधान्य द्यावे आणि तरीही चाचणी स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनमध्येच करावी. अँटिव्हायरस या संग्रहातील फाइलींवर हरकत घेतो, हे अपेक्षितच आहे. त्यासाठी कार्यालयाच्या संगणकावरील संरक्षण बंद करण्याऐवजी संग्रहच वेगळ्या यंत्रावर ठेवणे मला योग्य वाटते. मालकाच्या परवानगीशिवाय कोणत्याही यंत्रावर हे वापरणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगीच्या पत्रात मी यंत्रांची यादी, तारीख आणि वेळ लिहून घेतो.

ज्यांना केवळ नव्या त्रुटींच्या बातम्या हव्या आहेत त्यांना हा संग्रह संथ वाटेल. जुन्या यंत्रांची जबाबदारी असलेल्यांनी मात्र तो उतरवून घ्यावा, महिन्यातून किमान एकदा अद्ययावत करावा आणि एक प्रत नेटवर्कपासून अलग असलेल्या डिस्कवर ठेवावी. मिल्वर्म थांबले तेव्हा ते पुढे नेणारी संस्था उभी राहिली. पुढच्या वेळी तसे होईलच असे धरून मी चालत नाही, आणि त्यामुळे माझ्या प्रत्येक ग्राहकाच्या कार्यालयात ही डिस्क ठेवण्याचे काम या महिन्यात सुरू केले आहे.