मृत्युपत्र, खरेदीखत की कोर्टाची वही?

नातवाला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. आमची बाजू अर्ध्या तासात उरकली: पणजोबांपर्यंतची नावं मला पाठ, त्यामागे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची वही. जावयाच्या बाजूचं विचारलं तेव्हा विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "आमची माणसं हा देश व्हायच्या आधीपासून व्हर्जिनियात आहेत." शाळेचं काम केव्हाच संपलं. मी मात्र चार वर्षं झाली, त्या एका वाक्याच्या मागे आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांत असे जावई आणि सुना आता नवलाईच्या राहिल्या नाहीत. त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येतात: "आम्हालाही शोधायचंय, कुठून सुरू करू?" १८५०पूर्वीच्या जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असतं, बाकीची माणसं नुसत्या आकड्यांत. व्हर्जिनियात जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८५३ साली सुरू झाल्या. त्यामागे गेलात की मुख्यतः तीन प्रकारचे कागद उरतात: मृत्युपत्रं, जमिनीची खतं आणि कोर्टाच्या वह्या. तिन्हींना सारखा वेळ द्यायला गेलात तर जन्म पुरणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: मृत्युपत्राला एक संध्याकाळ द्या, खतांना वर्ष द्या. आणि तुमचा माणूस गरीब किंवा बांधील नोकर (करारापोटी ठरावीक वर्षं राबणारा) असेल, तर पहिले दोन्ही सोडून थेट कोर्टाच्या वह्यांकडे वळा; गुलाम असेल, तर त्या वह्यांसोबत मालकाच्या सामानाची यादीही पाहा.

मृत्युपत्र: बोलकं, पण अर्धवट

सगळे पहिल्यांदा इकडेच धावतात, आणि ते साहजिक आहे. "देवाच्या नावाने, आमेन" अशी सुरुवात, मग बायको, मुलं, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावासकट, कधी नातवंडंही. शिवाय दोन तारखा मिळतात: लिहिल्याची, आणि साक्षीदारांनी कोर्टात शपथ घेऊन ते खरं ठरवल्याची. माणूस या दोन तारखांच्या मध्ये केव्हातरी गेला. मृत्यूचा दाखला नसताना एवढं कळणं म्हणजे चंगळच.

त्याच्यासोबत पुष्कळदा मयताच्या सामानाची यादी असते. कोर्टाने नेमलेले तीन-चार शेजारी घरात फिरून किमती लावत: पिसांची गादी, लोखंडी भांडं, जुनी पुस्तकं, गाई. आणि त्याच रांगेत, गाईंच्या वर किंवा खाली, गुलाम माणसांची नुसती पहिली नावं आणि पुढे पौंडांत किंमत. अशी पहिली यादी वाचली तेव्हा मी वही मिटून उठले होते. पण ज्यांचे पूर्वज त्या यादीतल्या माणसांपैकी आहेत त्यांच्यासाठी पुष्कळदा हाच एकमेव कागद असतो.

आता अडचणी. मृत्युपत्र करणारे मुळात थोडे, आणि तेही बहुतेक मालमत्ता असलेले पुरुष. विवाहित बाईला नवरा जिवंत असताना सहसा ते करताच येत नसे. दुसरं, ज्याचं नाव नाही तो मुलगाच नव्हता असं समजू नका. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई; त्यामुळे मृत्युपत्र करणारा बापही कधी थोरल्याचा उल्लेखच करत नसे. एखाद्या मुलाला एक शिलिंग दिलेला दिसला की लोक लगेच भाऊबंदकीची गोष्ट रचतात. बऱ्याचदा त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असे, एवढाच त्याचा अर्थ.

मृत्युपत्र नसलं तर काय होतं, याचं ठळक उदाहरण लिंकन घराण्यात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकनचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहम, १७८६ साली केंटकीत मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. मृत्युपत्र नव्हतं. सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा कायदा व्हर्जिनियाने १७८५ साली मंजूर केला होता, पण तो लागू झाला १७८७च्या १ जानेवारीला. जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली. धाकटा टॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील, हात हलवत राहिला.

तिसरी अडचण नात्यांच्या शब्दांची. त्या काळच्या कागदात 'सन-इन-लॉ' म्हणजे सावत्र मुलगाही असू शकतो, 'मदर-इन-लॉ' म्हणजे सावत्र आई. 'कझिन' हा पुतण्या किंवा भाचा निघतो. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नव्हे, एकवीस वर्षांखालचा कुणीही. 'ऑर्फन'ची आई बहुधा जिवंत असते, गेलेला असतो तो बाप. काका, मामा, आत्या, मावशी असे वेगळाले शब्द वापरत वाढलेल्या आपल्याला हा ढिसाळपणा फार खटकतो.

आणि तारखा. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे मृत्युपत्र डिसेंबर १७३१ मधलं आणि ते कोर्टात आलं फेब्रुवारी १७३१ मध्ये, असं दिसलं तर कारकुनाची चूक काढू नका. डिसेंबरनंतरचा फेब्रुवारी त्याच वर्षात येई. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१चा, नव्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२चा.

जमिनीची खतं: रटाळ, आणि सगळ्यात भरवशाची

सातबारा आणि चतुःसीमा ऐकत मोठं झालेल्या माणसाला डीड बुक, म्हणजे खतांची वही, परकी वाटत नाही. "तिथल्या पांढऱ्या ओकपासून अमक्याच्या हद्दीने इतके पोल, मग ओढ्याच्या कडेने उतरत..." अशी हद्द चालत चालत पुन्हा त्याच ओकपाशी येते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, आणि १६० चौरस पोलांचा एक एकर. हे आकडे कागदावर मांडून मी जावयाच्या पूर्वजाच्या शेताचा नकाशा काढला. वेडावाकडा निघाला, पण शेवटची रेघ पहिलीला येऊन मिळाली. त्यातून कळलं की हद्दीला लागून कोण कोण होतं. शेजाऱ्यांची नावं हेच खताचं खरं धन आहे, कारण लग्नं जुळत ती याच शेजारात.

एक खत जवळून दाखवते. अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात एकाच विक्रीचे दोन कागद असत, लागोपाठच्या दोन दिवसांचे. पहिल्यात जमीन वर्षभराच्या भाड्याने दिलेली, बहुधा पाच शिलिंगांत, आणि भाडं काय, तर मागितलं तर मिरीचा एक दाणा. (मिरी आपल्याकडच्या मलबारची, त्यामुळे मला उगाच बरं वाटलं.) दुसऱ्या दिवशीच्या कागदात खरी किंमत आणि पूर्ण मालकी. ही इंग्रजी कायद्यातली जुनी युक्ती. नवशिका पहिलाच कागद वाचतो आणि "पूर्वजाने पाच शिलिंगांत शेत घेतलं" असं सगळ्यांना सांगत सुटतो. मीही विहीणबाईंना ते सांगून बसले होते.

त्याच खताखाली कधी आणखी एक ओळ असते: विकणाऱ्याच्या बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारलं, तिची संमती आहे. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत तहहयात एक तृतीयांश हक्क असे, तो ती सोडते आहे का, याची ती चौकशी. तिचं माहेरचं नाव त्यात मिळत नाही, पण नाव मिळतं, आणि अमुक वर्षी ती जिवंत होती हेही कळतं. माझा सगळा गुंता याच ओळीने सुटला. एकाच काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) एकाच नावाचे दोघे होते, एकाला कारकून 'सीनियर' म्हणे, दुसऱ्याला 'ज्युनियर'. पैसे भरून वापरायच्या एका संकेतस्थळावरच्या वंशवृक्षात ते बापलेक दाखवलेले. त्यावर विश्वास ठेवून मी सहा महिने भलत्याच माणसाचं मृत्युपत्र कवटाळून बसले. खतं लावून पाहिली तेव्हा एकाची बायको मेरी, दुसऱ्याची एलिझाबेथ, शेतं वेगवेगळ्या ओढ्यांवर, आणि निघाले काका-पुतणे. 'सीनियर' म्हणजे नुसता वयाने मोठा. थोरला वारला की धाकट्याला सीनियर म्हणू लागत, हा आणखी एक घोळ.

खत सापडलं नाही तर तेही काहीतरी सांगतं. वारशाने आलेल्या जमिनीचं खरेदीखत नसतंच. जॉर्ज वॉशिंग्टनची माउंट व्हर्नन ही मिळकत पाहा: लॉरेन्स वॉशिंग्टन १७५२ साली वारला. मृत्युपत्राप्रमाणे ती मिळकत मुलीची, विधवेला तहहयात उपभोग, आणि मुलगी गेली तर पुढे सावत्र भाऊ जॉर्ज. मुलगी १७५४ साली गेली. विधवेने तोवर दुसरं लग्न केलं होतं. जॉर्जने तिच्याकडून ती भाड्याने घेतली आणि १७६१ साली ती वारल्यावर मालक झाला. तिथे खरेदीखत शोधणारा रिकाम्या हाताने परततो. उलट पुढच्या पिढीने विकलेल्या जमिनीच्या खतात "ही माझ्या वडिलांकडून मला आली" असं एक वाक्य सापडलं, की मृत्युपत्र नसतानाही बाप-लेकाचं नातं पक्कं होतं. "नैसर्गिक प्रेम आणि ममतेपोटी" लिहिलेलं बक्षीसपत्र मिळालं तर दुधात साखर.

खतांच्याही मागे व्हर्जिनियात सरकारकडून जमीन मिळाल्याचे पेटंट आहेत. माणूस वसाहतीत आणण्याचा खर्च करणाऱ्याला माणशी ५० एकर मिळत, म्हणून पेटंटात आणलेल्यांची नावं असतात. १६३५ सालच्या जॉर्ज मेनेफीच्या पेटंटात 'टोनी, ईस्ट इंडियन' असं एक नाव आहे. त्याचं गाव कोणतं, भाषा कोणती, काही लिहिलेलं नाही. मात्र पेटंटाचं साल म्हणजे माणूस येऊन पोहोचल्याचं साल नव्हे. हे हक्क विकले जात आणि वर्षानुवर्षांनी वापरले जात.

पूर्वी मी खतांचा सल्ला एवढ्या ठामपणे दिला नसता, कारण सूचीत फक्त देणारा आणि घेणारा सापडे. २०२४पासून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि वारसाहक्काच्या जुन्या हस्तलिखितांतला शब्दन् शब्द शोधता येतो, तोही फुकट. साक्षीदार, शेजारी, हद्दीतलं नाव, सगळं वर येतं. यंत्र जुनं अक्षर चुकीचं वाचतं, म्हणून आडनाव चार-पाच तऱ्हांनी टाकून पाहायचं.

कोर्टाच्या वह्या: ज्यांचं काहीच नव्हतं त्यांच्यासाठी

चांगली सूची असलेली ऑर्डर बुकं, म्हणजे कोर्टाच्या हुकमांच्या वह्या, कमी. तंबाखूच्या उधारीचे दावे पानोपानी, मधेच कुणाला रस्त्याची देखभाल नेमून दिलेली, कुणी ज्यूरीवर. कंटाळा येतो, हे कबूल. पण बापाविना पोर कुणाच्या हाताखाली कामाला बांधून दिलं, करारपत्राशिवाय आलेल्या नोकर मुलाचं वय कोर्टाने किती ठरवलं, लग्नाआधी मूल झालं म्हणून कुठल्या बाईला दंड झाला, हे सगळं इथेच सापडतं.

नॉर्दम्बरलँड काउंटीत एलिझाबेथ की या बाईने स्वातंत्र्यासाठी दावा लावला. आई गुलाम, बाप इंग्रज. बाप टॉमस कीच होता, हे साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं आणि १६५६ साली ती सुटली. पुढे १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला: मूल आईच्या दर्जावर जाईल. ती वाट बंद झाली, पण बाप कोण हे सांगणाऱ्या त्या जबान्या आजही वाचता येतात. ना मृत्युपत्राने हे सांगितलं असतं, ना खताने.

याला जोड म्हणून चान्सरीचे, म्हणजे वाटणीबिटणीचे दावे बघा. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने त्यांची सूची आणि पुष्कळशा काउंट्यांच्या कागदांची छायाचित्रं फुकट ठेवली आहेत. भाऊबंद भांडले की वकील आधी सगळे वारस लिहून काढतो, मेलेल्यांसकट. ज्या घरात भांडण झालं नाही त्यांचं मला आता वाईट वाटतं.

गावाप्रमाणे निर्णय बदलतो

एवढं सगळं वाचून काउंटीचं नाव न पाहता सुरुवात कराल तर फसाल. व्हर्जिनियातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत १६३२पासूनच्या कोर्टाच्या वह्या सलग आहेत. उलट जेम्स सिटी, न्यू केंट, हॅनोव्हर, किंग विल्यम, बकिंगहॅम इथलं बहुतेक जळालं. यादवी युद्धात काही काउंट्यांनी दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला नेऊन ठेवली, आणि एप्रिल १८६५मध्ये रिचमंडच पेटलं. अशा ठिकाणी पेटंट, शेजारच्या काउंटीतली खतं आणि नंतरचे दावे, याच क्रमाने जा.

पूर्वज मॅसॅच्युसेट्सचा असेल तर माझा क्रम उलटा करा. तिथे गावांनी जन्म-मृत्यू पहिल्यापासून बरे लिहून ठेवले, आणि मृत्युपत्रात व्हर्जिनियापेक्षा जास्त मुलं सापडण्याची आशा असते; थोरल्याला सगळी जमीन नव्हे, दुप्पट वाटा मिळे. तिथे मृत्युपत्रालाच महिना द्या. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये खतं काउंटीत नाहीत, टाउन क्लार्ककडे, म्हणजे गावाच्या दप्तरात, असतात, हे माहीत नसल्याने लोक आठवडे घालवतात. मेरीलँडचं अॅनापोलिसला पाहायचं, दक्षिण कॅरोलायनाच्या नोंदी वसाहतकाळात चार्ल्सटनला होत. न्यूयॉर्कच्या डच घरांत नवरा-बायको मिळून मृत्युपत्र करत आणि बाई माहेरचं नाव लावी. तिथे शोधणाऱ्यांचा मला निव्वळ हेवा वाटतो.

आमच्या शोधापुरतं सांगायचं तर विहीणबाईंचं वाक्य खरं निघालं. १७४०च्या दशकातलं एक खत हाताशी आहे, हद्दीसकट. त्याच्या बायकोचं माहेर काही सापडेना. म्हणून सध्या मी त्याच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्याचं मृत्युपत्र वाचते आहे. त्यात मेरी नावाची एक लेक आहे, आणि लेखनिकाने तिचं आडनाव नेमकं घडीवर लिहिलंय, जिथे कागद फाटला आहे.