खांद्यावरचा माइक आणि "वहिनी, थांबा!": बीसी लिंक २.० सोबतचे तीन हिवाळे

आधी हे सांगते की बीसी लिंक २.० हा बोलायचा-ऐकायचा रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकी, आणि मी रेडिओतली तज्ज्ञ नाही. मूळची साताऱ्याची, आता कॅनडातल्या कॅल्गरीत हिशेबनिशी करते आणि हिवाळ्यात नवरा, धाकटे दीर आणि मी स्लेड घेऊन रेव्हलस्टोकला जातो. स्लेड म्हणजे स्नोमोबाइल, इकडे सगळे स्लेडच म्हणतात. रॉजर्स पासचा घाट ओलांडून चारशेच्या वर किलोमीटर, रस्ता मोकळा असला तर पाच तास. तिथे बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज या दोन डोंगरांवर क्लब यंत्राने वाट दाबून ठेवतो. दाबलेली वाट संपली की पुढे मोकळा डोंगर, ताजा बर्फ आणि झाडी. मोबाइलला रेंज नाही. या रेडिओची गोष्ट तिथूनच सुरू होते.

सह्याद्रीत भटकताना माणूस मागे पडला तर आम्ही "कूऽऽऽ" करायचो. समोरच्या कड्यावर आदळून आवाज परत यायचा आणि निदान दिशा तरी कळायची. इथे ते जमत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज गिळून टाकतो. त्यात डोक्यावर हेल्मेट आणि मांडीखाली ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. पन्नास मीटरवरच्या झाडीत माणूस अडकला तरी त्याच्या ओरडण्याचा काही उपयोग नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सुपरमार्केटमध्ये मिळणारी रेडिओंची स्वस्त जोडी घेतली होती, साध्या सेलवर चालणारी. कंपनीचं नाव सोडून देते, कारण चूक माझीच होती. ती खेळणी कॅम्पिंगच्या मैदानात पोरांवर लक्ष ठेवण्यासाठी असतात. उणे १८ अंशात अल्कलाइन सेल दुपारपर्यंत मान टाकतात. पण खरी अडचण सेलची नव्हती. रेडिओ पाठपिशवीत असायचा. बोलायचं तर स्लेड थांबवा, हातमोजे काढा, पिशवी उतरवा, चेन उघडा. दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा कंटाळा केला. पिशवीत झोपलेला रेडिओ आणि घरी विसरलेला रेडिओ यात मला तरी फरक दिसत नाही.

बीसी लिंक २.० मध्ये नेमकी हीच अडचण सोडवली आहे. कोलोरॅडोतल्या बॅककंट्री अ‍ॅक्सेस या कंपनीचा हा रेडिओ, हीच कंपनी हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचे बीकनही बनवते. मुख्य डबा पाठपिशवीच्या आत राहतो, त्यातून गुंडाळीची वायर निघून खांद्याच्या पट्ट्यावर माइक येतो. चालू-बंद, आवाज आणि आधी ठरवून ठेवलेली ए ते एफ ही चॅनेलं, सगळं माइकवरच आहे. बोलायचं बटण एवढं मोठं की पोळी लाटायच्या वेळी घालता येणार नाहीत अशा जाड मोज्यांतूनही दाबता येतं. बॅटरी २३०० एमएएचची लिथियम-आयन. डबा पिशवीत, पाठीच्या उबेला असल्यामुळे ती गारठत नाही. आमच्या वापरात दोन दिवस आरामात निघतात, तरी मी रोज रात्री लॉजवर चार्जिंगला लावते.

सुरुवातीला मी माइक उजव्या पट्ट्यावर लावला होता, कारण मी उजव्या हाताची. पण स्लेडचं थ्रॉटल उजव्या अंगठ्यात असतं, तो हात सोडला की गाडी तिथेच रुतते. डाव्या पट्ट्यावर नेला तेव्हा जमलं. तरी उतारावर आडवी स्लेड तोलताना बोलता येत नाही, हे गृहीत धरा. ऐकू येतं तेही इंजिन मंद असेल तरच. चालता चालता गप्पा मारायच्या असतील तर हेल्मेटमधले इंटरकॉम वेगळे मिळतात. ते जवळच्या जवळ छान चालतात, मधे डोंगराची सोंड आली की संपलं. आमच्या गटात एकाकडे दोन्ही आहेत आणि तो दिवसभर बडबडतो, म्हणून आम्ही बाकीच्यांनी इंटरकॉम घेतला नाही.

आता पल्ल्याविषयी. जाहिरातीत ४० मैल लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते दोन शिखरांवर समोरासमोर उभ्या माणसांचं गणित आहे. वापरासाठी कंपनी स्वतःच सहा मैलांचा आकडा सुचवते. हे रेडिओ ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. फ्रिस्बीच्या धारेवरून खालच्या पार्किंगपर्यंत मला स्वच्छ ऐकू गेलंय, आणि धारेच्या पलीकडच्या उतारावर गेलेल्या दिरांशी अर्ध्या किलोमीटरवरून नुसती खरखर. म्हणून आमचा नियम असा की धार ओलांडण्याआधी सांगायचं. ओलांडल्यावर सांगणार कोणाला? आणखी एक बारीक गोष्ट. २२ चॅनेलांपैकी ८ ते १४ वर नियमानेच फक्त अर्धा वॅट ताकद असते, बाकीच्या बऱ्याच चॅनेलांवर दोन वॅटपर्यंत. कॅनडात यासाठी परवाना लागत नाही, म्हणून चॅनेलं गजबजलेली असतात, आणि पार्किंगमध्ये शेवटचं मोकळं चॅनेल शोधताना लोक नेमके या अर्ध्या वॅटवाल्यांवर जाऊन बसतात आणि मग रेडिओला नावं ठेवतात.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले त्या दिवसाकडे येते.

फ्रिस्बी, फेब्रुवारी, रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलेलं. पार्किंगमध्ये मी माइकमध्ये म्हटलं, "येतंय का ऐकू?" नवऱ्याने वीस पावलांवरून अंगठा वर केला. दिरांनीही केला. झाली तपासणी. दुपारी झाडीत नवरा दिसेनासा झाला. मी थांबले, इंजिन बंद केलं. "कुठे आहेस?" काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. इथल्या झाडीत बुंध्याभोवती फांद्यांखाली बर्फ बसत नाही, पोकळ विहीर तयार होते. वरून काही दिसत नाही आणि माणूस उलटा आत गेला तर एकट्याला बाहेर येता येत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून माझा आवाज चढत गेला. त्या वीस मिनिटांत मी मराठीत काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागून दीर आले, आम्ही दोघं त्याच्या स्लेडच्या चरीवरून आत गेलो. गाडी विहिरीत तिरकी, नवरा बाजूला फावड्याने बर्फ उपसतोय. धडधाकट. आणि वर मलाच विचारतो, "अगं, मी मघापासून उत्तर देतोय, ओरडतेस कशाला?"

त्याला माझा शब्दन् शब्द ऐकू येत होता. मला त्याचा एकही नाही.

रात्री लॉजवर डोकं लावलं तेव्हा उलगडा झाला. चॅनेलासोबत एक उपकोड लावता येतो, ज्याला खासगी कोड म्हणतात. नाव फसवं आहे, त्याने काहीही खासगी होत नाही. तो फक्त गाळणी आहे. ज्या रेडिओवर कोड लावलाय तो त्याच कोडचं बोलणं ऐकवतो, बाकीचं गाळून टाकतो. ज्यावर कोड शून्य आहे तो सगळ्यांचं ऐकतो. आदल्या रात्री लेकीने माझ्या रेडिओची बटणं फिरवली होती आणि माझ्या चॅनेलावर सात नंबरचा कोड बसला होता. नवऱ्याचा शून्य. म्हणजे मी बोललेलं त्याला जात होतं, तो बोललेलं माझा रेडिओ दारातूनच परत पाठवत होता. सकाळी त्याने अंगठ्याऐवजी रेडिओवरून "हो" म्हटलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे अंगठा बंद. प्रत्येकाने बोलायचं आणि प्रत्येकाने रेडिओवरूनच उत्तर द्यायचं. कोड कायम शून्य. वेगवेगळ्या कंपन्यांचे रेडिओ एकत्र असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एकाचा पाच नंबरचा कोड दुसऱ्याच्या पाच नंबरशी जुळेलच असं नाही. खरी जुळणी त्यामागच्या हर्ट्झच्या आकड्याची असते. आमच्या एका मित्राकडे रॉकी टॉकी आहे, कॅराबिनरच्या कडीने पट्ट्याला लटकवायचा सुटसुटीत रेडिओ, वेगळा माइक नाही, वायर नाही. स्कीवाल्यांना मी तोच सुचवेन. स्लेडवर मात्र अख्खा रेडिओ छातीवर लोंबकळतो आणि थंडीही तोच खातो. आमचं त्याचं बोलणं एकाच चॅनेलावर विनातक्रार होतं, कोड शून्य असला की.

शून्य कोडची किंमत म्हणजे गर्दीच्या शनिवारी दुसऱ्यांच्या गप्पा ऐकाव्या लागतात. आणि त्यांना आपल्या. मागच्या मार्चमध्ये बोल्डरवर मी एका उताराच्या माथ्यावर होते, खाली काय आहे ते फुगवट्यामुळे दिसत नव्हतं. दीर बाजूच्या टेकाडावर नजर ठेवायला थांबले होते. आम्ही उतारावर एका वेळी एकच जण सोडतो. २०१० च्या मार्चमध्ये याच डोंगरावर एका जमावावर हिमस्खलन कोसळलं होतं, दोघे गेले आणि तीसेक जण जखमी झाले, आणि इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ती गोष्ट सांगतंच. मी अंगठा थ्रॉटलवर टेकवला आणि खांद्यावरून आवाज आला, "वहिनी, थांबा! थांबा! खाली माणूस आहे." दुसऱ्याच गटातला एकजण माझ्या वाटेत बंद पडलेली गाडी ओढत होता. मी थांबले. संध्याकाळी पार्किंगमध्ये ट्रेलरवर गाड्या चढवताना शेजारच्या गटातला एक दाढीवाला हात वर करून ओरडला, "थांबा!" आणि मनापासून हसला. त्याने अर्थ बरोबर ओळखला होता. पोळीभाजीचा डबा गाडीतच राहिल्याबद्दल मी सकाळी काय बोलले तेही त्याने ऐकलं असणार, पण ते त्याला कळलं नसावं अशी आशा आहे.

बीकनबद्दल एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून. बर्फाखाली गेलेल्या माणसाला शोधणारे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात आणि रेडिओ, फोन, गरम होणारे मोजे असलं काहीही जवळ असलं तर गोंधळतात. बीकन नुसता संदेश सोडत असताना इलेक्ट्रॉनिक वस्तू २० सेंटिमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब. आपल्या मापात, एरवी एक वीत आणि शोधताना हातभराहून थोडं जास्त. खांद्यावर माइक आणि छातीवर बीकन म्हणजे वीतभर अंतर जेमतेम मिळतं, आरशासमोर उभं राहून एकदा मोजा. शोध सुरू झाला की शोधणारा बोलत नाही, बोलायचं काम दुसऱ्याचं. गाडलेल्या माणसाकडे पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, त्यात रेडिओमुळे बीकनवर चुकीचा बाण दिसायला नको.

न आवडलेल्या गोष्टीही आहेतच. चार्जिंगला अजून मायक्रो-यूएसबी, म्हणजे सगळ्या घरात फक्त या रेडिओंसाठी दोन जुन्या वायरी जपायच्या. वायर पिशवीत नीट बसवली नाही तर फांदीत अडकते. माइकचं बटण पिशवीच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं तर सगळ्या गटाला तुमचा श्वास आणि इंजिन ऐकत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला बोलताही येत नाही. तोंडावर आपटल्यावर माइकच्या जाळीत बर्फ बसतो, पण हे कुठल्याही खांद्यावरच्या माइकचं होईल. झटकून, फुंकर न मारता, बोटाने काढायचा. फुंकरीतली वाफ गोठते आणि आवाज बसतो. दोन रेडिओंना कर धरून पाचशे कॅनेडियन डॉलरच्या वर गेले. स्लेडच्या किमतीपुढे काहीच नाही, हे नवऱ्याचं म्हणणं. हिशेब मी लिहिते, त्यामुळे माझं म्हणणं वेगळं आहे.

हा रेडिओ काय करत नाही तेही पक्कं असू द्या. याने बचावपथकाला हाक जात नाही, त्यासाठी आमच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं वेगळं यंत्र आहे. आणि ब्रिटिश कोलंबियातल्या जंगलरस्त्यांवर ओंडक्यांचे ट्रक आपण कितव्या किलोमीटरवर आहोत ते पुकारत येतात ते व्हीएचएफवर, म्हणजे वेगळ्याच लहरींच्या पट्ट्यावर, वेगळ्या चॅनेलांवर. ते यावर ऐकू येत नाहीत. अशा रस्त्याने ट्रेलर न्यायचा असेल तर परवान्याचा व्हीएचएफ रेडिओ असलेल्या माणसाच्या मागे राहा.

भावाने साताऱ्याहून विचारलंय, येताना अशी एक जोडी आणशील का, ट्रेकला होईल. नाही आणणार. भारतात परवान्याशिवाय चालतो तो पट्टा ४४६ मेगाहर्ट्झचा आहे, हे रेडिओ त्यात बसत नाहीत. त्याला तिकडचाच घ्यायला सांगितलंय.

पाचपैकी माझे चार, आणि तुटलेला एक पूर्णपणे त्या मायक्रो-यूएसबीचा. या हंगामात जाऊबाईही येणार आहेत, म्हणून तिसरा मागवला. काल आला. लेकीच्या हाती लागण्याआधी कोड शून्यावर आहे ना ते बघितलं, मग जाऊबाईंना अंगणाच्या टोकाला उभं करून विचारलं, "येतंय का ऐकू?" त्यांनी अंगठा वर केला.