ऑनलाइन सरकारी सेवा: नोंदणी लाखांत, पण फॉर्म भरतंय कोण?

विकसनशील देशांतल्या सरकारी पोर्टल्सना सरसकट रेटिंग द्यायचं तर माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातला एक पोर्टलला नाहीच, काउंटरवर बसून दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणाऱ्याला.

"इतके लाख युजर" असा आकडा होमपेजवरच झळकत असतो पण नुसतं लॉगिन बनवलं म्हणजे वापर झाला का? फोटो अपलोड करायला जा, साइज जास्त म्हणून रिजेक्ट, साइज कमी केली की अस्पष्ट म्हणून रिजेक्ट, ओटीपी येईपर्यंत सेशन संपलेलं, परत पहिल्यापासून सुरू. एवढं सगळं निभावून नेलं की शेवटी सूचना येते, प्रिंट काढून कार्यालयात जमा करा. अरे मग ऑनलाइन केलंत कशाला! आणि हिशोबात हा अर्ज 'ऑनलाइन' म्हणूनच धरणार.

युनोचा ई-गव्हर्नमेंट सर्व्हे दर दोन वर्षांनी येतो, १९३ देशांचा नंबर लागतो, त्यात ऑनलाइन सेवा, टेलिकॉम सुविधा आणि लोकांचं शिक्षण-कौशल्य असं मोजतात. उपयोगाचं आहे, नाही असं नाही, पण त्यातून दुकान किती सजलंय तेवढं कळतं, गिऱ्हाईक किती आलं ते नाही कळत. ई-गव्हर्नमेंटचे अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनी तर २००३ मध्येच अंदाज मांडलेला की अशा देशांतले ३५ टक्के प्रकल्प पूर्ण फसतात, ५० टक्के अर्धवट, धड चालतात ते फक्त १५ टक्के. कारण काय, तर डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यातलं ऑफिस वेगळं आणि खरंखुरं ऑफिस वेगळं. आकडा जुनाय, पण त्यामागचं कारण अजून ताजं आहे.

जिथं जमलंय तिथं बहुतेक वेळा मधे माणूस आहे. बांगलादेशात २०१० पासून युनियन डिजिटल सेंटर, म्हणजे गावपातळीवरची सेवा केंद्रं, रवांडात इरेम्बो या सरकारी सेवांच्या पोर्टलचे एजंट. केनियाच्या ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवर फी मोबाइलवरून भरता येते, हे मला सगळ्यात आवडलं, कारण पैसे भरायला रांगेत उभं राहायचं असेल तर बाकीचं ऑनलाइन असून काय उपयोग. एजंट मधे आला की काही लोक नाक मुरडतात, मला तरी त्यात काही वाईट दिसत नाही, फक्त एकाच लॉगिनवरून पन्नास जणांचे अर्ज गेले तर ते पन्नास जण पोर्टल वापरायला शिकले असं धरू नका.

मोजायचंच तर हे मोजा: फॉर्म सुरू केलेल्यांपैकी किती जणांना ऑफिसची पायरी न चढता दाखला मिळाला, आणि मधेच सोडून गेले ते नेमके कुठल्या पानावरून.