बिडाची बार्बेक्यू जाळी: वस्तू झकास, सोबतचा ब्रश कचऱ्यात

ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारातून बार्बेक्यूसाठी बिडाची जाळी घेतली, तिच्यावरून आता एक अख्खा पावसाळा गेलाय. त्याआधी मत देण्यात अर्थ नव्हता. आम्ही बेलापूरला राहतो. खाडीच्या वाऱ्यात लोखंड किती टिकतं ते जून उजाडल्याशिवाय कळत नाही. जाळी पास झाली. दुकानदाराचे सल्ले मात्र निम्मे नापास.

वस्तूबद्दल आधी. वजनाला दणदणीत, एका हाताने उचलायचं धाडस करू नका. पट्ट्या जाड आहेत, ओतकामाचे खडे कुठे राहिलेले नाहीत. एका कोपऱ्यात कड बोचत होती, ती कानशीने मारून घेतली. एका बाजूने पट्ट्या सपाट, दुसऱ्या बाजूने निमुळत्या आहेत. मासा सपाट बाजूवर टाकायचा. आमची जुनी क्रोमची तारेची जाळी बांगडा ठेवला की लगेच गार पडायची आणि उलटताना अर्धी साल तिथेच राहायची. बीड उष्णता धरून ठेवतं. जवळच्या दिवाळे गावच्या बाजारातला ताजा बांगडा पुसून कोरडा केला आणि जाळी आधी नीट तापवली, की तो आपोआप सुटतो. त्याने जाळी सोडेपर्यंत उलथनं घालायचं नाही, एवढंच.

"सीझन केलेलीच आहे काकू, घरी न्या आणि सुरू करा," हे दुकानातलं वाक्य. सीझन केलेली म्हणजे तेल चढवून तापवलेली. पांढरं फडकं फिरवलं तर फडकं काळं झालं. म्हणून कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून पुन्हा तेल चढवलं. साधं शेंगदाण्याचं तेल चालतं. ते इतकं पुसायचं की बोटाला तुपकट लागता कामा नये, आणि मग शेगडीचं झाकण लावून तासभर चांगली आच द्यायची. तापल्यावर तेलाचा कडक, काळा थर होतो. गंज अडवतो तो हाच. घाईने जाड तेल लावलं की जाळी लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखी चिकट राहते आणि धूळ धरते. जवसाच्या तेलाचं फार कौतुक ऐकलं होतं. थर देखणा येतो, पण पुढे त्याचे पापुद्रे निघतात.

आता तो फुकटचा तारेचा ब्रश. घासताना त्याची एक तार सुटून पट्टीच्या खाचेत अडकली होती. तिरक्या उजेडात चमकली म्हणून दिसली, नाहीतर थेट माशात गेली असती. ही नुसती भीती नाही. २०१२ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने अशा तारा अन्नातून पोटात गेल्याच्या घटना छापल्या होत्या. काहींच्या घशात रुतल्या होत्या, काहींच्या आतड्याला भोक पडलं होतं. मी आता नारळाचं सोडण वापरते. जाळी अजून गरम असताना चिमट्यात धरून घासलं की करपलेला मसाला निघून येतो. वर चिकटून राहिलंच तर जाडं मीठ आणि थेंबभर तेल. गरम जाळीवर गार पाणी मात्र ओतू नका, बीड तडकतं.

दुसरा सल्ला: "साबण लावलात की बाद." तसं काही नाही. जुन्या साबणांत कॉस्टिक जास्त असायचं, ते थर खायचं. हल्लीच्या भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब चालतात. राखेने मात्र घासू नका. बिडाच्या तव्याला आई राख लावायची आणि पुन्हापुन्हा तेल चढवत बसायची, त्याचं कारण तेच. राखेत क्षार असतो. आगळ किंवा लिंबू लावलेला मासा भाजलात, तर जाळी त्याच रात्री धुवा, सकाळवर ढकलू नका. आंबट थराला खातं.

धुतल्यावर फडक्याने पुसणं पावसाळ्यात पुरत नाही. पाच मिनिटं गॅसवर ठेवायची, पाणी उडालं की गरम असतानाच तेलाचं फडकं फिरवायचं. आमची जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरात असते, बाल्कनीत नाही. तरी ऑगस्टमध्ये एका पट्टीवर नारिंगी ठिपके आलेच. व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून त्यात अर्धा तास बुडवली, घासली, वाळवली आणि लगेच तेल चढवून तापवली. ठिपके गेले. रात्रभर बुडवून ठेवलीत तर आम्ल लोखंडच खायला लागेल.

इनॅमल चढवलेली जाळीही त्या दुकानात आहे. चकचकीत दिसते, तेलाची कटकट नाही, पण एकदा टवका उडाला की तिथून गंज लागतो आणि त्यावर घरी इलाज नाही. मी पुन्हा साधीच घेईन.

पाचातले चार तारे. एक कापला तो ब्रशसाठी. "ब्रश नको" म्हटलं तर ते किंमत थोडी कमी करतात, पण तोंड उघडून मागावं लागतं.