मंजुरीपत्रात माझा बोका 'मादी श्वान' होता

माझा बोका बंड्या रात्रभर लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये, जाऊन बसत होता. कुंथायचा, उठायचा, परत जाऊन बसायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. पहाटे पोटाला हात लावला तर आत टणक गोळा, आणि बंड्या कधी नव्हे तो माझ्यावर गुरगुरला.

डॉक्टरांनी चाचपून लगेच सांगितलं, लघवी तुंबलीये. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात खडे नाहीतर चिकट बूच अडकलं की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांतही खेळ खलास होऊ शकतो. भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायचं, मग दोन-तीन दिवस सलाईनवर ठेवायचं. "तातडीचं आम्ही सुरू करतो, तुम्ही पैशांचं बघा," म्हणाले आणि खर्चाचा कागद हातात दिला. निम्मी रक्कम आधी भरायची होती. माझ्याकडे तेवढीही नव्हती.

तिथेच "एवढे नाहीत हो माझ्याकडे" म्हणाले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण जीभ रेटेना. "करते काहीतरी," म्हणून बाहेर बाकावर येऊन बसले आणि प्राणिप्रेमींच्या एका ग्रुपवर फोटोसकट सगळी कहाणी टाकली. समोरच्या एका माणसाला सांगायची लाज वाटली, आणि हजारो अनोळखी लोकांना मात्र बिनदिक्कत सांगून मोकळी झाले!

दहा मिनिटांत मेसेज आला. "ताई, काळजी करू नका. आमची संस्था पूर्ण बिल भरते." बंड्याचं नाव विचारलं, आणखी फोटो मागितले, माझ्या ओळखपत्राचाही. तोही दिला. मग 'फाइल शुल्क', इतकं किरकोळ की त्यावर शंका घेणं कद्रूपणाचं वाटावं. ते भरल्यावर शिक्का-सहीचं मंजुरीपत्र आलं आणि त्यामागोमाग 'परत मिळणारी अनामत'. ही किरकोळ नव्हती. "अर्ध्या तासात भरा ताई, नाहीतर आजचा कोटा संपेल." दवाखान्याच्या डिपॉझिटसाठी राखलेल्या पैशांतूनच भरली. शेवटी एक क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका, मंजूर रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल.

पिन टाकणार तेवढ्यात रिसेप्शनवरच्या बाई बाहेर आल्या, डिपॉझिटचं काय झालं विचारायला. मी मोठ्या अभिमानाने मंजुरीपत्र दाखवलं.

"पण आम्हाला कुणाचा फोनच नाही आला," त्या म्हणाल्या. "संस्था मदत करते तेव्हा आधी आमच्याशी बोलते. केस पेपर आणि अंदाजे खर्च आमच्याकडून मागते आणि पैसे आमच्याच खात्यात भरते. आणि मॅडम, पैसे घ्यायला कधी पिन लागतो का?"

मी पत्र मोठं करून पाहिलं. प्राण्याचं नाव बंड्या, बरोबर. खालच्या ओळीत 'श्वान, मादी, वय ५ वर्षे'. माझ्याआधी ज्यांना गाठलं असेल त्यांची ही कुत्री. घाईत फक्त नाव बदललं होतं.

मग डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी कागद ओढला, पेन काढलं. आज काय केल्यावाचून गत्यंतर नाही, कोणती तपासणी दोन दिवस थांबू शकते, असं वेगळं केलं. उरलेल्या रकमेचे हप्ते करून दिले. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बऱ्याचदा खर्च कमी येतो, पुढच्या तपासण्या तिकडे करा, हेही त्यांनीच सुचवलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. सगळेच डॉक्टर हप्ते देतील असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

बँकेला कळवलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. पैसे आलेले नाहीत. उलट आठवड्याभरात "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल" असा दुसऱ्याच कुणाचा मेसेज आला. त्याला थेट ब्लॉक केलं.

बंड्या बरा आहे. त्याला आता पाणी जास्त जावं म्हणून ओलं खाणं देते. फक्त गेल्या महिन्यात मैत्रिणीने मदतीचं एक आवाहन पुढे पाठवलं, 'बघ गं, जमलं तर दे काही'. नाव 'सोनू' आणि फोटो माझ्या बंड्याचा. निळ्या टॉवेलवर झोपलेला पिवळा बोका, डाव्या कानाला खाच, पुढच्या पायाला सलाईनची पट्टी. तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, तिथल्या तिथे रिपोर्ट करा.