दोन कुत्री, फ्रान्सचं खेडं: घर गावठाणात की शिवारात?

दोन कुत्री घेऊन फ्रान्सच्या खेड्यात राहायला येणारं माणूस मला सल्ला विचारतं, तेव्हा त्याचं बहुधा आधीच ठरलेलं असतं: गावाबाहेर घर, एकरभर जागा, कुत्री मोकळी. फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या दोर्दोन्य भागात मी दोन्हीकडे राहिले आहे. आधी शिवारातल्या सुट्या घरात, आता चर्चमागच्या गल्लीत. कुत्री तीच. पुण्याहून आणलेली गावठी चिंगी आणि इथेच दत्तक घेतलेला ब्रेतां स्पॅन्यल, बंड्या.

शिवारातलं सुख खरं आहे. सकाळी चहाचा कप हातात घेऊन दार उघडलं की झालं. भुंकण्याची कुणाला तोशीस नाही. पाववाल्याची गाडी हॉर्न देत यायची तेव्हा दोघं घर डोक्यावर घ्यायची, आणि ऐकायला मीच.

पण एकरभर जागा म्हणजे एकरभर कुंपण. मेंढ्यांसाठी लावतात ती जाळी आमच्याकडे होती. बंड्याने ती खालून उकरली आणि मागोमाग चिंगी गेली. एकटं कुत्रं थोडं फिरून घरी येतं. दोघं असली की त्यांची टोळी होते, हरणाचा माग लागला की हाक ऐकू येत नाही. इथला कायदाही कडक आहे: शिकारीत नसलेलं कुत्रं मालकाच्या देखरेखीत नसेल, हाकेच्या टप्प्याबाहेर किंवा 100 मीटरपेक्षा लांब गेलं, तर ते भटकं धरतात. शिवाय 15 एप्रिल ते 30 जून या काळात जंगलात, मुख्य वाटा सोडून, कुत्रं पट्ट्याशिवाय नेता येत नाही.

त्यात शिकारीचा हंगाम. मुख्य हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, तेव्हा रानडुकरं हुसकावून त्यांची शिकार करतात. नारिंगी जाकिटं, रस्त्याकडेला पाट्या, शिकारी कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा. माणसं सभ्य असतात, बंदुकीचा आवाज मात्र घराच्या भिंतीपर्यंत येतो. दिवाळीतल्या फटाक्यांनी पलंगाखाली जाणारी चिंगी इथे रविवारी सकाळी तिथेच जायची. फटाके चार दिवस असतात, हे साडेपाच महिने.

गावात, म्हणजे इथले लोक ज्याला ‘बूर’ म्हणतात तिथे, अडचण नेमकी उलटी. भिंतीला भिंत लागून. बाग असली तरी कधीकधी ती घराला लागून नसते, गल्ली ओलांडून पलीकडे असते. घर बघताना हे आवर्जून विचारा. चर्चची घंटा वाजली की बंड्या गळा काढतो. खेड्यातले आवाज-वास हा वारसाच आहे असं मानणारा कायदा फ्रान्सने 2021 मध्ये केला. त्याआधी ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याचा, आरवण्यावरून झालेला खटला गाजला होता आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पण त्या भरवशावर राहू नका. सतत भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल शेजारी दिवसाढवळ्याही तक्रार करू शकतो.

तरी मी गावाच्या बाजूने झुकते, कारण इथे फिरवावंच लागतं. दिवसातून तीनदा, पाऊस असो वा नसो. शिवारात मी दार उघडून सुटायचे आणि कुत्री अंगणात कंटाळून बसायची. गावात बेकरी, टपाल, सोमवारी बंद दुकानाचं शटर हुंगणं, कॅफेत टेबलाखाली बसणं, सगळं दोघांच्या वाट्याला येतं. मला इथली फ्रेंच भाषा आली तीही कुत्र्यांमुळे. नुसत्या माझ्याशी बोलायला कुणी थांबलं नसतं.

रोगराईत फारसा फरक नाही. गोचीड दोन्हीकडे, आणि इथल्या गोचिडीतून पिरोप्लाझ्मोज हा रक्ताचा आजार होतो. कुत्रं मलूल झालं, लघवी कॉफीसारखी गडद दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उन्हाळ्याच्या तोंडाला बोटांमध्ये, कानात कुसळं शिरतात, रोज संध्याकाळी बघायची. हिवाळा सरताना पाइनवरून रांगेने उतरणारे सुरवंट तर कुत्र्याची जीभ सडवू शकतात. अंगणात पाइन असलेलं घर मी घेणार नाही, कितीही स्वस्त मिळो.

भाड्याचं घर असेल तर घाबरू नका: 1970 च्या कायद्यामुळे राहत्या घराच्या करारात पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सुट्टीपुरत्या घराला ही सवलत नाही. आणि कुत्री भारतातून आणणार असाल तर घराआधी तारखा मोजा. आधी कातडीखाली ओळखीची चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी लस लागू पडली का हे बघणारी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. चिंगीच्या वेळी मी विमानाचं तिकीट आधी काढलं होतं, ते वाया गेलं.

तुमची कुत्री म्हातारी, शांत असतील किंवा पक्कं कुंपण आधीपासून असेल, तर खुशाल शिवारात जा. तरुण जोडी असेल तर गाव बघा. घर पाहायला जून महिन्यात जाऊ नका, तेव्हा सगळीच घरं गोड दिसतात. नोव्हेंबरातल्या रविवारी सकाळी नऊला जा, कुत्र्यांना सोबत घेऊन.